गुणिले १.६५

ऑक्टोबरच्या अखेरीस, मुलींच्या व्हॉलीबॉलच्या रीजनल फेरीतील अंतिम सामन्यात, माझ्या मुलीची टीम सरळ दोन सेटमध्ये हरली. आमची शाळा इलिनॉयमधील एका उपनगरातील सरकारी हायस्कूल. समोर होती एक खासगी कॅथलिक शाळा. दुसऱ्या सेटमध्ये १४-२२ अशी स्थिती असताना माझ्या मागच्या बाकावरून एक वाक्य ऐकू आले, जे या मोसमात मी निदान दहा वेळा ऐकले असेल : ‘त्यांचे काय, ते कुठूनही मुली गोळा करतात.’ मीही मान डोलावली. मग समोरच्या बाकांकडे पाहिले, तर तिथे माझी मैत्रीण बसली होती. तिची मुलगी त्या दिवशी आमच्यावर स्मॅशमागून स्मॅश मारत होती. आम्ही राहतो एकाच वस्तीत, आणि दोघी मुली बाराव्या वर्षापासून एकाच क्लबमध्ये शिकल्या आहेत. त्या मुलीला कोणी गोळा केलेले नव्हते. मोठी बहीण त्या शाळेत होती, म्हणून तीही गेली. सामन्यानंतर तिने येऊन ‘मावशी, सॉरी हं’ म्हटले, तेव्हा डोलावलेल्या मानेची मला जरा लाज वाटली, आणि हा विषय नीट समजून घ्यायचा असे मी ठरवले.

आधी एक खुलासा. ‘पब्लिक स्कूल’ हा शब्द मराठी वाचकाला फसवतो, कारण आपल्याकडे ती पाटी बहुधा महागड्या खासगी शाळेवर असते. अमेरिकेत पब्लिक स्कूल म्हणजे करांवर चालणारी, फी न घेणारी सरकारी शाळा, आणि तिला हद्द असते : तुमचे घर ज्या हद्दीत, ती तुमची शाळा. खासगी शाळेला, मग ती कॅथलिक असो, ल्युथरन असो वा कुठल्याच धर्माशी न जोडलेली असो, अशी हद्द नसते. देशातील साधारण दहातील एक मूल खासगी शाळेत शिकते. राज्य अजिंक्यपदाच्या याद्या पाहिल्या तर मात्र त्या शाळांचा वाटा अनेक खेळांत याहून बराच मोठा दिसतो, आणि तक्रारीचा उगम तिथे आहे. शालेय खेळांचे नियम वॉशिंग्टनमधून येत नाहीत. प्रत्येक राज्याची स्वतःची संघटना असते आणि नियम ती ठरवते. इंडियानापोलिस येथील राष्ट्रीय महासंघ या संघटनांचा दुवा आहे. २०२३-२४ या वर्षात त्यांच्या खेळांतील सहभागाचा आकडा ८० लाखांच्या वर गेला. एवढ्या मोठ्या व्यवस्थेत एकाच प्रश्नाला पन्नास उत्तरे असणे हे ओघाने आलेच.

व्हर्जिनिया आणि मेरीलँडच्या राज्य संघटना सरकारी शाळांपुरत्याच आहेत. खासगी शाळांनी आपापली वेगळी व्यवस्था उभारलेली आहे. टेक्ससमध्येही मोजके अपवाद वगळता तसेच आहे. न्यू जर्सीत संघटना एक, पण सरकारी आणि बिगर-सरकारी शाळांच्या अंतिम फेऱ्या वेगळ्या. टेनेसीने १९९७ मध्ये निराळी रेघ ओढली : खेळाडूंना फीमध्ये आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांचा वेगळा विभाग केला. आणि बाकी राज्यांनी, ज्यांना सर्वांना एकाच मंडपात ठेवायचे होते, गणिताचा आधार घेतला.

ते गणित असे. शाळांची वर्गवारी पटसंख्येवर होते, म्हणजे दोन हजार विद्यार्थ्यांची शाळा तीनशेच्या शाळेशी भिडत नाही. मग खासगी शाळेची पटसंख्या कागदावर फुगवायची, म्हणजे ती आपोआप मोठ्या शाळांच्या वर्गात जाते. अलाबामाने १९९९ च्या सुमारास १.३५ चा गुणक लावला. मिझुरीतही काही वर्षे १.३५ च होता. आमच्या इलिनॉयमध्ये २००५ पासून १.६५ आला : चारशे विद्यार्थिनींची शाळा खेळापुरती सहाशे साठांची धरली जाते. आणि इथे एक बारकावा आहे, जो बाकांवरून ओरडणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतो. इलिनॉयचा गुणक ‘खासगी’ शाळांना नाही, तर ज्यांना हद्द नाही अशा शाळांना आहे, आणि त्यांत शिकागोतील काही सरकारी शाळाही येतात. संघटनेने मालकी बाजूला ठेवून निवडीच्या मोकळीकीवर बोट ठेवले, आणि तेवढे निदान माझ्या मते अचूक आहे.

उपाय मात्र मला पटत नाही. अडचण मोठ्या-छोट्या आकड्याची नाही. गुणाकार ज्या गोष्टीचा करायचा, तीच चुकीची निवडली आहे.

व्हॉलीबॉलमध्ये मैदानावर सहा मुली असतात. सहा फूट उंचीची, डावखुरी, उडी मारण्यात तरबेज अशी एक मुलगी आणि तिला नेमका चेंडू देणारी एक सेटर मिळाली, की टीमचा नूर बदलतो. अशा दोन मुली शोधायच्या असतील, तर शाळेत चारशे विद्यार्थिनी आहेत की सहाशे साठ, याला फारसे महत्त्व उरत नाही. महत्त्व याला आहे, की तुम्ही किती मैलांच्या परिघातून येणाऱ्या मुलींना दार उघडे ठेवू शकता. याउलट फुटबॉलमध्ये, म्हणजे अंगाला अंग भिडणाऱ्या अमेरिकन फुटबॉलमध्ये, आक्रमणाचे अकरा, बचावाचे अकरा, त्यांच्या मागे राखीव फळी आणि दुखापतींसाठी आणखी एक. तिथे शाळेचा आकार खरोखर बोलतो, आणि छोट्या खासगी शाळेला गुणक लावून वरच्या वर्गात ढकलले, तर नव्वद किलोच्या मुलांसमोर साठ किलोची मुले उभी राहतात. मग प्रश्न न्यायाचा राहत नाही, हाडांचा होतो. एकच १.६५ या दोन्ही खेळांना सारखाच लावणे म्हणजे सर्व मापांच्या पायांना एकाच नंबरचा बूट देण्यासारखे आहे. इलिनॉयच्या हे ध्यानात आले नाही असे नाही. पुढे यश न मिळालेल्या टीमना गुणकातून सूट देण्याची सोय झाली, आणि वारंवार जिंकणाऱ्या बिगर-हद्द शाळांना एक वर्ग वर पाठवण्याचा नियमही आला. म्हणजे गुणक चुकत होता हे मान्य करून गुणक ठेवला.

‘ते मुली गोळा करतात’ या आरोपाचे काय? खेळासाठी विद्यार्थी ओढण्यावर जवळजवळ प्रत्येक संघटनेत बंदी आहे, आणि त्या बंदीवरून एक खटला दोनदा सर्वोच्च न्यायालयात गेला. टेनेसीतील ब्रेंटवुड अकॅडमी या खासगी शाळेच्या फुटबॉल प्रशिक्षकाने १९९७ मध्ये आठवीतील काही मुलांना वसंतातील सरावाला येण्याचे निमंत्रण देणारे पत्र पाठवले, ज्याखाली ‘तुमचा कोच’ अशी सही होती. गंमत अशी, की त्या मुलांनी त्या शाळेत प्रवेश आधीच घेतलेला होता. संघटनेने चार वर्षांची परिवीक्षा, ३,००० डॉलरचा दंड आणि दोन वर्षे फुटबॉल व मुलांच्या बास्केटबॉलच्या प्लेऑफमधून (मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांमधून) बंदी अशी शिक्षा दिली. शाळा न्यायालयात गेली. २००१ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ठरले, की अशी संघटना ही सरकारी सत्तेचाच हात मानली जाईल, म्हणजे राज्यघटना तिलाही लागू. २००७ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने निर्णय संघटनेच्या बाजूने दिला : नियम लागू केल्याने शाळेच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग होत नाही. दहा वर्षांची लढाई, एका पत्रावरून. मला यातून एवढेच दिसते, की पत्र पकडता येते. उत्तम कोच, चकचकीत जिम आणि भिंतीवरील अजिंक्यपदाच्या फलकांची रांग ही जी न लिहिलेली निमंत्रणे असतात, ती कोणत्याही नियमात पकडता येत नाहीत.

आणि हे पाप फक्त खासगी शाळांचे आहे, ही समजूत तर टिकतच नाही. कॅलिफोर्नियातील कॉन्कर्डची डी ला साल ही कॅथलिक शाळा फुटबॉलचे सलग १५१ सामने जिंकली, आणि ती मालिका २००४ मध्ये मोडली वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या सरकारी शाळेने. तेव्हा तो सरकारी शाळेचा विजय म्हणून गाजला. बारा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच बेलव्ह्यूच्या फुटबॉलची चौकशी झाली आणि अहवालात खेळाडूंच्या कुटुंबांनी खोटे पत्ते दिल्याचे निष्कर्ष आले. शाळेवर प्लेऑफबंदी लादण्यात आली. हद्द असली की खोटा पत्ता येतो, एवढाच फरक. फ्लोरिडाने तर २०१६ च्या कायद्याने जागा असेल त्या कोणत्याही सरकारी शाळेत जाण्याची आणि लगेच खेळण्याची मुभा दिली. तिथे ‘हद्दीने बांधलेली सरकारी शाळा’ हा शब्दप्रयोगच बराचसा पोकळ झाला आहे.

अर्थात टोकाची उदाहरणे आहेत आणि ती डोळ्यांत खुपतात. दक्षिण कॅलिफोर्नियातील मॅटर डे आणि सेंट जॉन बॉस्को या दोन कॅथलिक शाळांनी २०१६ ते २०२४ या काळात राज्याच्या सर्वोच्च गटाचे फुटबॉल अजिंक्यपद आलटून पालटून घेतले (२०२० चे सोडून, कारण ती स्पर्धाच झाली नाही). अशा शाळांसाठी कोणता गुणक लावणार? त्यांची पटसंख्या दहा पटींनी वाढवली तरी त्या आधीच सर्वांत वरच्या गटात आहेत.

मग माझे म्हणणे काय? मला दोन राज्यांच्या पद्धती अधिक प्रामाणिक वाटतात. इंडियानाने २०१२ मध्ये ‘यशाचा घटक’ स्वीकारला : दोन वर्षांत ठरावीक गुणांइतके यश मिळवणारी टीम त्या खेळात एक वर्ग वर जाते, मग शाळा सरकारी असो वा खासगी. कोणाचा हेतू तपासावा लागत नाही. १९५४ मध्ये १६१ विद्यार्थ्यांच्या मायलन शाळेने बलाढ्य मन्सी सेंट्रलला ३२-३० ने हरवून राज्याचे बास्केटबॉल अजिंक्यपद जिंकले, त्याची आठवण जिथे आजही निघते, त्या राज्याला हे सुचले हेही मला आवडते. या पद्धतीचा दोष उघड आहे : जिंकलेल्या मुली शाळा संपवून निघून जातात आणि वरच्या वर्गाचा मार त्यांच्या धाकट्या बहिणी खातात. तो दोष मी नाकारत नाही. गुणकाच्या दोषापेक्षा तो छोटा आहे, एवढेच.

दुसरे राज्य मिनेसोटा. तिथे वर्गवारीसाठी पटसंख्या मोजताना मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येचे ४० टक्के वजा करतात. हा नियम मी प्रथम वाचला तेव्हा थबकले, कारण बाकांवर जे कोणी बोलत नाही ते त्यात आकड्यात उतरले आहे. सरकारी शाळेच्या पटावर सगळी मुले असतात : शाळा सुटल्यावर दुकानात काम करणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, इंग्रजी नुकतीच शिकू लागलेली, घरी न्यायला गाडी नसलेली. ती पटावर मोजली जातात, ट्रायआउटला, म्हणजे टीमच्या निवड चाचणीला, येत नाहीत. फी घेणाऱ्या शाळेच्या पटावरील जवळजवळ प्रत्येक मूल मात्र संभाव्य खेळाडू असते. गुणक हाच फरक आडमार्गाने भरून काढायला पाहतो. मिनेसोटा तो सरळ मोजते.

आणि तो सरळ मोजला, की आमच्या बाकांवर शांतता पसरेल. कारण आमची शाळा सरकारी असली तरी तिच्या हद्दीतील घरांच्या किमतीच तिचे प्रवेशशुल्क आहेत. माझ्या मुलीच्या टीममधील पहिल्या सहाही मुली वर्षभर क्लबमध्ये खेळतात, आणि त्या क्लबची फी, स्पर्धांसाठी होणारा विमानप्रवास, हॉटेल हे सगळे आम्ही पालक भरतो. मोसमाच्या सुरुवातीला आम्ही तासाभराच्या अंतरावरील एका सरकारी शाळेशी खेळलो होतो. त्यांच्या दहा मुली होत्या, त्यांतल्या तिघींनी चेंडूला प्रथम हात लावला तो याच ऑगस्टमध्ये, असे त्यांच्या कोचने सांगितले. आम्ही २५-७, २५-९ असे जिंकलो. तेव्हा आमच्याकडून कोणीही अन्यायाबद्दल बोलले नाही.

वेगळ्या अंतिम फेऱ्यांची मागणी आमच्याही गटात होते आहे. मला ती नको आहे. तसे झाले तर वस्तीत शेजारी राहणाऱ्या दोन मुली चार वर्षांत एकदाही जाळीच्या दोन बाजूंना उभ्या राहणार नाहीत, आणि आमची शाळा गरीब सरकारी शाळांना हरवून ‘न्याय्य’ अजिंक्यपद घेईल.

इलिनॉयमध्ये नियमांच्या दुरुस्तीवर सदस्य शाळा डिसेंबरमध्ये मतदान करतात. मी आमच्या मुख्याध्यापकांना दीड पानाचे पत्र लिहिले : यशाचा नियम सर्व शाळांना सारखा लावावा, खेळागणिक वेगळा लावावा, आणि पटसंख्येतून सवलतीचे जेवण घेणाऱ्यांचा हिस्सा वजा व्हावा. त्यांनी सौजन्याने बोलावून घेतले आणि विचारले, की या शेवटच्या सूचनेने आपली स्वतःची शाळा इतरांच्या तुलनेत मोठी ठरेल, हे तुमच्या लक्षात आले आहे ना? मी म्हटले, आले आहे. त्यांनी पत्रावर तारीख घातली आणि ते फाइलमध्ये ठेवले.