शेवटचं नीट कधी बघितलं?

आज काकांना बघायला हॉस्पिटलात गेलेलो. परवा स्ट्रोक आला, डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं. आज त्याच हातात बिस्किट धरून चहात बुडवत होते, अर्धं कपात पडलं आणि वर काकूंची बोलणी खाल्ली 😄

काकू सांगत होत्या, कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी पहिलं विचारलं काय, तर शेवटचं नीट कधी बघितलं? काकू म्हणे, साडेसातची मालिका लागली तेव्हा रिमोटवरून भांडत होते म्हणजे नीटच होते की! लगेच सीटी स्कॅन, रक्तस्राव नाही हे बघून गुठळी विरघळवायचं इंजेक्शन.

घरी येऊन वाचत बसलो तर भारी गोष्ट आहे ही. हार्ट अटॅकमध्ये स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवायचं औषध दिलं तर जीव वाचतात हे १९८६ ला इटलीतल्या जवळपास १२ हजार पेशंटच्या ट्रायलने दाखवलं, मग तेच मेंदूसाठी वापरून बघितलं तर मेंदूत रक्तस्राव वाढला आणि त्या ट्रायल मधेच थांबवाव्या लागल्या. (थांबवायलाही हिंमत लागते राव.) १९९५ ला अमेरिकेत टीपीए हे तसलंच दुसरं औषध स्ट्रोक सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत दिलं तर फायदा होतो हे दिसलं, २००८ मध्ये ते साडेचार तासांवर गेलं. २०१५ ला नेदरलँड्सच्या ट्रायलने दाखवलं की मोठी गुठळी जांघेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून ओढून काढली तर पेशंट जास्त सावरतात, आता निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही करतात.

आणि ते स्ट्रोक आला की सुईने बोटं टोचून रक्त काढायचं फॉरवर्ड प्लीज पाठवू नका, फॅमिली ग्रुपवर कालच परत आलंय.