वीतभर टोरांटो

ताईला टोरांटोला जाऊन आठ वर्षं झाली, पण ते आपल्या फोंड्यापासून नेमकं किती लांब, हे आईनं परवा पहिल्यांदा विचारलं. तेही अबोलीचा वळेसर करता करता, मान वर न करता. मोबाइलवर आकडा मिळाला असता नि विषय तिथंच संपला असता. पण मुलाचा पृथ्वीगोल टेबलावर होता, नारळाएवढा, तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ दे.

आधी भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली. रेघ निघाली अरबस्तानावरून, सहारावरून, अटलांटिक आडवा कापत. "सरळ तर आहे," आई म्हणाली. मग तिच्याच रिळाचा दोरा गोलावर धरला. एक टोक गोव्यावर, दुसरं टोरांटोवर, आणि ताणला. दोरा आपसूक वर सरकला! कझाकस्तान, रशिया करत आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे गेला नि ग्रीनलंडवरून खाली उतरला. आईनं पहिल्यांदा फुलं बाजूला ठेवली.

दोरा खोटं बोलत नाही, नकाशा बोलतो. तसा बिचाऱ्याचा दोष नाही. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ मध्ये तो खलाशांसाठी काढला. होकायंत्राची दिशा न बदलता जायचं तर त्यावर सरळ रेघ मारावी, एवढी सोय झाली. त्या सोयीपायी ध्रुवांकडचा मुलूख मात्र पोळीसारखा ताणला गेला. तिथून जाणारी जवळची वाट मग कागदावर वाकडी दिसते.

आता मोजायचं कसं? आमचे मामा जन्मभर बोटीवर होते, त्यांनी लहानपणी शिकवलेली युक्ती आठवली. चिमटीत धरलेला दोरा तसाच उचलून विषुववृत्तावर आडवा ठेवायचा नि किती रेखांश व्यापतो ते वाचायचं. भरले ११६. एका अंशाचे ६० सागरी मैल, एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. पेपराच्या कडेला गुणाकार केला, १२,९०० किलोमीटरला जरा कमी. मुलानं मोबाइलवर पडताळून पाहिलं नि जरा हिरमुसलाच. मला मात्र उगाच मिशीला पीळ द्यावासा वाटला.

"म्हणजे ताई या वाटेनं येते?" आईचा प्रश्न.

नाही ना. इथून आधी मुंबई, मग मध्ये कुठं तरी विमान बदलायचं, दोऱ्याला दोन-तीन गाठी. शिवाय वर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात, त्यामुळे तिला जाताना येण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. आईला हे शेवटचं लगेच पटलं. ताईला निरोप देणं लांबतंच, असं काहीसं पुटपुटली.

"बेतीसारखंच म्हण की," ती म्हणाली. "पणजीच्या धक्क्यावर उभं राहिलं तर समोर दिसतं. फेरी चुकली की पुलावरून वळसा."

मग हात पुढे केला. "दोरा दे इकडे. वळेसर अर्धा राहिलाय."