दोन रांगा आणि माझं मधलं नाव

२०२४च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून अमेरिकेत परत येताना आमचं पुढचं विमान चुकलं. पहिलं विमान वेळेवर, किंबहुना दहा मिनिटं आधीच उतरलं होतं. पुढच्याला दोन तास चाळीस मिनिटं होती. “कॉफी पिऊन निवांत जाऊ,” असं नवरा म्हणालासुद्धा. मग आम्ही इमिग्रेशनच्या हॉलमध्ये शिरलो आणि तो गप्प झाला. चार-पाच मोठी विमानं एकदमच उतरलेली, रांग दोरीच्या वळणांतून मागच्या जिन्यापर्यंत आलेली. तिथे सव्वा तास गेला. मग बॅगा उचला, कस्टम्समधून बाहेर पडा, त्याच बॅगा परत पट्ट्यावर टाका आणि आतल्या विमानासाठी सिक्युरिटीच्या दुसऱ्या रांगेत उभे राहा. धाकटा बूट काढायला तयार नव्हता, कारण त्याच्या एका मोज्याला भोक होतं. लेकीचा लॅपटॉप बॅगेतच राहिला म्हणून तिचा ट्रे बाजूला गेला. गेटवर पोचलो तेव्हा काचेतून आमचं विमान मागे सरकताना दिसलं.

पुढचं विमान सात तासांनी होतं. त्या सात तासांत मी फोनवर वाचायला सुरुवात केली. ‘ट्रस्टेड ट्रॅव्हलर’ म्हणजे विश्वासू प्रवासी. सरकारला आधी आपली कुंडली द्यायची, बोटांचे ठसे द्यायचे, फी भरायची, आणि मग सरकार आपल्याला जरा कमी संशयाने बघतं. कल्पना एवढीच आहे. गोंधळ आहे तो नावांचा, कारण जवळजवळ एकच काम करतात असं वाटणाऱ्या चार-पाच योजना आहेत आणि त्या मुळीच एक काम करत नाहीत.

मला हे उलगडलं ते रांगा वेगळ्या केल्यावर. विमानतळावर वेळ खाणाऱ्या दोन रांगा असतात. एक विमानात बसण्याआधीची, सिक्युरिटीची, ती टीएसएची, म्हणजे विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याची. दुसरी परदेशातून आल्यावरची, इमिग्रेशनची, ती सीबीपीची, म्हणजे सीमा आणि कस्टम्स बघणाऱ्या खात्याची. टीएसए प्रीचेक फक्त पहिल्या रांगेचा इलाज आहे. ग्लोबल एन्ट्री मुळात दुसऱ्या रांगेचा इलाज, पण त्यात प्रीचेक आपसूक मिळतं. दोन्हींची मुदत पाच वर्षं. प्रीचेकची फी कुठल्या कंपनीमार्फत अर्ज करता त्यावर ठरते आणि साधारण ७७ ते ८५ डॉलरच्या मधे येते. ग्लोबल एन्ट्री १०० डॉलर होती. ‘होती’ का, ते सांगते.

आमच्याकडे कुठलाही निर्णय एका बैठकीत होत नाही. सप्टेंबरभर आम्ही नुसतं “करून टाकायला हवं” म्हणत बसलो आणि १ ऑक्टोबरला फी १२० झाली. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वाढवली. पण त्याच दिवसापासून दुसराही नियम बदलला होता: आई किंवा वडील सदस्य असतील किंवा सोबत अर्ज करत असतील, तर अठरा वर्षांखालच्या मुलांना फी नाही. आधी तान्ह्या बाळाचेही १०० डॉलर लागायचे. म्हणजे सप्टेंबरमध्ये चौघांचे ४०० गेले असते, ऑक्टोबरात २४० गेले. आळसाने १६० डॉलर वाचल्याचं आमच्या घरातलं हे एकमेव उदाहरण.

तरीही आधी प्रीचेकच घ्यावं, असं माझं मत होतं. आम्हा दोघांचे मिळून दीडशे-पावणेदोनशे डॉलर आणि मुलं जवळजवळ फुकट, कारण बारा वर्षांपर्यंतचं मूल आईबापाबरोबर त्याच रांगेतून जातं. तेरा ते सतराच्या मुलांना एकाच बुकिंगवर असावं लागतं आणि त्यांच्या बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण उमटावी लागते. माझी लेक नेमकी तेरा वर्षांची. ग्लोबल एन्ट्रीत मात्र हा सोबतीचा प्रकार नाहीच. प्रत्येकाचं सदस्यत्व वेगळं, मांडीवरच्या बाळाचंसुद्धा. एकाचं राहिलं तर सगळेच त्याच्याबरोबर लांब रांगेत.

मग मी वहीत मागच्या पाच वर्षांचे प्रवास लिहून काढले. भारत तीन वेळा, देशातल्या देशात अकरा वेळा. नुसते आकडे बघितले तर प्रीचेक जिंकतं. पण देशातल्या अकरा प्रवासांत सिक्युरिटीने आमचं विमान कधी चुकवलं नव्हतं. फार तर वीस-पंचवीस मिनिटं आणि थोडी चिडचिड. भारताच्या तीन फेऱ्यांत इमिग्रेशनने दोनदा घाम फोडला होता. शिवाय भारतातून आल्यावर पुढचं विमान धरायचं असेल तर दोन्ही रांगा लागोपाठ येतात. वहीतल्या त्या पानावर नवऱ्याने १२० वर गोल काढला आणि विषय संपला.

एक गोष्ट त्या ऑगस्टमध्ये ठाऊक असती तर कदाचित इमिग्रेशनचा सव्वा तास फुकटात वाचला असता. सीबीपीचं मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं ॲप आहे. अमेरिकन नागरिक आणि ग्रीनकार्डवाले ते वापरू शकतात. आधी मंजुरी नको, मुलाखत नको. विमान उतरलं की चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, सेल्फी काढायची आणि वेगळ्या रांगेत जायचं. कुटुंबातल्या सगळ्यांचं एकाच फोनवरून होतं. दोन-तीन वर्षांतून एकदाच भारतात जाणाऱ्या, ग्रीनकार्ड असलेल्या माणसाने माझं मत विचारलं तर मी म्हणेन, आधी हे वापरून बघा, पैसे नंतर भरा. सिक्युरिटीच्या रांगेला याचा उपयोग नाही, आणि एच-वनवाल्यांना, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना, तर हे मिळतच नाही.

एच-वनवरून आठवलं. माझ्या धाकट्या दिरांचा एका संध्याकाळी फोन आला.

“वहिनी, प्रीचेकचे पैसे भरायला बसलोय. ८५ वाला घेऊ की स्वस्तातला?”

“थांबा भाऊजी, काहीच भरू नका. तुम्हाला ते मिळणार नाही.”

प्रीचेकचा थेट अर्ज फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच करता येतो आणि भरलेली फी परत मिळत नाही. पण ग्लोबल एन्ट्रीचं दार भारतीय पासपोर्टवाल्यांना २०१७ पासून उघडं आहे. म्हणजे एच-वनवाल्याला प्रीचेक हवं असेल तर ग्लोबल एन्ट्रीच्या वाटेने जायचं. मेख अशी की त्यात भारताकडूनही पार्श्वभूमी तपासून घेतली जाते, आणि तिकडचं काम तिकडच्या चालीने चालतं. भाऊजींचा अर्ज अजून अडकलेला आहे. दर रविवारी ते मला स्थिती सांगतात, मी “होईल हो” म्हणते.

विमानतळावर टॅब घेऊन उभी असलेली हसरी मुलं ‘क्लिअर’ विकतात, ते यापैकी काहीच नाही. ती खासगी कंपनी आहे. वर्षाला दोनशे डॉलरच्या आसपास घेते आणि फक्त ओळखपत्र तपासायच्या रांगेत तुम्हाला पुढे नेते. पुढे पट्ट्यावर लॅपटॉप काढायचा की नाही, हे प्रीचेक असण्या-नसण्यावरच ठरतं. दर सोमवारी उडणाऱ्यांना परवडत असेल. नेक्सस कॅनडाच्या सीमेवर ये-जा करणाऱ्यांसाठी. ते पूर्वी ५० डॉलरला होतं आणि त्यातच ग्लोबल एन्ट्री यायची, म्हणून शहाणी माणसं तेच घ्यायची. त्याच १ ऑक्टोबरला तेही १२० झालं. सेंट्री मेक्सिकोच्या सीमेचं, ते आमच्या वाटेवर नाही. आणखी एक: तुमचं क्रेडिट कार्ड ही फी परत देतं का, ते आधी बघा. आमच्या दोनपैकी एक कार्ड देत होतं, हे आम्हाला पैसे दुसऱ्यावरून भरल्यावर कळलं.

अर्ज भरायला मला दीड तास लागला. पाच वर्षांतले सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या, कुठले देश पाहिले ते. माझी प्राथमिक मंजुरी नऊ दिवसांत आली, मुलांची दोन आठवड्यांत, आणि नवऱ्याची डिसेंबरात, प्रवासाला निघायच्या चार दिवस आधी. का, ते विचारायची सोय नाही. मुलाखतीसाठी जवळच्या केंद्रात महिनोन्‌महिने वेळ मिळत नव्हती, तेव्हा आम्ही परतीच्या वाटेवर विमानतळावरच मुलाखत द्यायची सोय वापरली. अपॉइंटमेंट लागत नाही. परदेशातून उतरायचं, पाटी बघून त्या खिडकीवर जायचं, इमिग्रेशन आणि मुलाखत तिथेच. पासपोर्ट, ग्रीनकार्ड आणि पत्ता असलेलं लायसन्स हाताशी ठेवा. अधिकाऱ्याने मला दोन प्रश्न विचारले. धाकटा कॅमेऱ्यात मावेना, तेव्हा नवऱ्याने त्याला बगलेत धरून उचललं, आणि तसाच त्याचा फोटो निघाला: खांदे कानांपर्यंत आलेले, चेहरा पोलिसाने पकडल्यासारखा. पाच वर्षं हाच.

मग अधिकारी थोडा गंभीर झाला आणि खाण्याच्या वस्तूंबद्दल बोलला. हे मराठी घरांनी नीट ऐकण्यासारखं आहे. ग्लोबल एन्ट्री असणं म्हणजे बॅगा तपासणार नाहीत असं नाही. उलट चूक महागात पडते, कारण दंड तर होऊ शकतोच, सदस्यत्वही जाऊ शकतं. २०१८ मध्ये एका बाईला विमानातच मिळालेलं सफरचंद न सांगता बॅगेत ठेवल्याबद्दल ५०० डॉलरचा दंड झाला होता आणि तिचं ग्लोबल एन्ट्रीही धोक्यात आलं होतं. फुकटचं सफरचंद! आमच्या सासूबाई बॅग भरताना ओला कढीपत्ता वर्तमानपत्रात गुंडाळून साड्यांच्या घडीत सरकवतात. कढीपत्त्यावरून लिंबू-संत्र्याच्या झाडांना रोग लावणारी कीड येते, म्हणून तो चालत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. “अगं, माझ्या कुंडीतला आहे, कीडबीड काही नाही,” असं त्यांचं उत्तर. आता शेवटची बॅग मी बंद करते. मसाले, चिवडा, लाडू यांचं मी सरळ सांगून टाकते. अजून कोणी काही काढून घेतलेलं नाही.

सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येतात, वय ७६. त्यांना प्रीचेक नाही, आणि आमच्याबरोबर त्यांना त्या रांगेतून नेताही येत नाही. सोबतीची सवलत लहान मुलांना आहे, आईला नाही. म्हणून त्या असल्या की आम्ही दोन तुकड्या करतो: एक जण मुलांबरोबर, एक त्यांच्याबरोबर. मी बहुतेक त्यांच्याबरोबर असते. “तू जा गं पुढे, मला येतं,” म्हणतात, पण हात सोडत नाहीत.

२०२५च्या जुलैमध्ये आम्ही भारतात असतानाच इथे बूट काढायचा नियम सगळ्यांसाठीच गेला. नवऱ्याने बातमी वाचून दाखवली, “बघ, गेले पैसे.” लॅपटॉप आणि लिक्विडची पिशवी बॅगेतच राहते, ते अजूनही प्रीचेकमध्येच. आणि परतताना काय झालं ते त्यानेच घड्याळ लावून मोजलं: यंत्राने फोटो काढला, अधिकाऱ्याने नाव घेतलं, मान हलवली. चौघांचे मिळून सहा मिनिटं. बॅगाच आल्या नव्हत्या. मुंबईत जाताना मात्र सगळं पूर्वीसारखंच. भारताने तशीच योजना काढली आहे, दिल्लीत जून २०२४ पासून आणि मुंबईसह आणखी सात विमानतळांवर जानेवारी २०२५ पासून. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआयवाल्यांना, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकांना, ती फुकट आहे. पण तीही इमिग्रेशनचीच. सिक्युरिटीला लॅपटॉप काढायचाच. आम्ही अजून नोंदणी केलेली नाही. आळसाने याही वेळी काही वाचेल, अशी आशा आहे.

आता नावाचं. मंजुरीनंतरचा पहिला प्रवास मार्चमधला शिकागोचा होता. नवऱ्याच्या बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण, मुलांच्या पासवर खूण, माझ्यावर नाही. सदस्यत्वाचा नंबर बुकिंगमध्ये भरलेला होता, तीनदा बघितला. तिघं डावीकडे गेले, मी उजवीकडे. नियम असा की सदस्यत्वावरचं नाव, जन्मतारीख आणि तिकिटावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. आपल्याकडे तीन नावं, आणि मधलं बदलतं. माझ्या पासपोर्टवर मधे नवऱ्याचं नाव आहे. पण तिकिटावर नाव येतं ते त्या एअरलाइनच्या माइल्सच्या खात्यातून, आणि ते खातं मी शिकायला आले तेव्हा उघडलेलं, आडनाव बदललं तेव्हा मधल्या नावाला कोणी हातच लावला नाही. नवऱ्याचं आणि बाबांचं आद्याक्षर एकच, लायसन्सवरही नुसतं आद्याक्षरच, त्यामुळे सोळा वर्षांत कोणाच्या लक्षात आलं नाही. खात्यात मधे अजून बाबाच होते.

दुरुस्तीला लग्नाचा दाखला मागितला, अकरा दिवस लागले. त्या रविवारी बाबांना फोनवर सांगितलं. आधी त्यांना कळेना, मग खूप हसले.

“म्हणजे सोळा वर्षं मी तुझ्याबरोबर बिनतिकिटाचा हिंडत होतो म्हण की.”