199 नंबरची ओळ

पावसाळा संपला की आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या दुकानात जुने लॅपटॉप यायला लागतात, चार-पाच महिने कपाटात बंद पडलेले, आणि बऱ्याच जणांचं दुखणं एकच असतं, दमट हवा. पण खापर फुटतं ते हार्ड डिस्कच्या डोक्यावर. कार्तिकात एक मास्तर आले तेव्हाही तेच झालं होतं.

आमच्याकडे देवळांच्या उत्सवात मराठी नाटकं होतात, मास्तर त्यांचं पार्श्वसंगीत सांभाळतात, आणि वर्षानुवर्षं जमवलेलं सगळं संगीत त्यांच्या 2012 सालच्या लॅपटॉपवर, डेबियन 11 मध्ये, म्हणजे लिनक्सच्या एका प्रकारात. दुसरी कॉपी कुठेच नाही. रात्री म्हार्दोळच्या बाजूला प्रयोग होता. आधी एका ठिकाणी दाखवलं तर तिथे म्हणे डिस्क गेली, नवी घाला, डेटा विसरा. मास्तर काउंटरपाशी उभे राहून "जायत मरे?", म्हणजे होईल ना, एवढंच विचारत होते. मी म्हटलं मास्तर, बसा जरा, आधी बघूया तरी.

चालू केला तर तारीख-वेळ सेट नाही अशी तक्रार, मग कसाबसा बूट, मग मध्येच अडकणार, आणि थोड्या वेळाने एकही फाइल सेव्ह होईना कारण लिनक्सने डिस्क रीड ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, करून टाकलेली. एवढं बघून कोणीही डिस्क गेली म्हणेल. पण कर्नलचा लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने ठेवलेली नोंदवही, उघडला तर वेगळंच, फेल्ड कमांड, लिंक रीसेट, परत फेल्ड कमांड, आणि साटाचा, म्हणजे डिस्क आणि बोर्ड यांच्यातल्या जोडणीचा, स्पीड 6 जीबीपीएसवरून 3 वर आणि तिथून 1.5 वर उतरवलेला. शिवाय ठिकठिकाणी 'बॅड सीआरसी', म्हणजे पाठवलेला डेटा पोचताना बिघडल्याची खूण. डिस्कचा पृष्ठभाग खराब होतो तेव्हा लॉग अशी बोंब मारत नाही, तेव्हा ठरावीक सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा, वाचता येत नाही असं येतं.

म्हणून डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, काढला. 5 नंबरची ओळ म्हणजे बदललेले सेक्टर, शून्य. 197 म्हणजे वाचता न आलेले, बदलायचे बाकी असलेले सेक्टर, तेही शून्य. आणि 199, युडीएमए सीआरसी एरर काउंट, हजारांत! थोडं कॉपी करून परत रिपोर्ट काढला तर आकडा आणखी वर. हा आकडा डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की वाढतो, म्हणजे केबल नाहीतर कनेक्टर. डिस्कवरचा डेटा जागच्या जागी ठीक असू शकतो.

इथे एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे, अशा वेळी त्याच मशिनवर फाइल सिस्टीम दुरुस्त करायची कमांड मारू नका. वाट खराब असताना दुरुस्ती मध्येच तुटली तर धड असलेलं पण विस्कटतं. डिस्क बाहेर काढली, माझ्या डेस्कटॉपला चांगल्या केबलने लावली आणि डीडीरेस्क्यू या डेटा वाचवायच्या प्रोग्रॅमने नव्या डिस्कवर पूर्ण कॉपी घ्यायला सुरुवात केली, 320 जीबी, दीडएक तास गेला. एकही सेक्टर अडला नाही आणि 199 चा आकडा होता तिथेच. मग फाइल सिस्टीम तपासली तर अर्धवट राहिलेल्या चार नोंदी सोडून सगळं जागेवर.

कॉपी चालू असतानाच लॅपटॉप उघडून ठेवला होता. या मॉडेलमध्ये डिस्क थेट बोर्डवर बसत नाही, मध्ये एक पातळ, वाकणारी फ्लेक्स केबल असते. भिंगाखाली धरली, साटाला डेटाच्या 7 आणि पॉवरच्या 15 पिना असतात, त्यातल्या डेटाच्या दोन पिनांवर हिरवट थर चढलेला. आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने साफ केल्यावर एक पीन उजळली, दुसरीवरचा सोनेरी मुलामाच उडालेला दिसला, म्हणून स्क्रॅपमधल्या त्याच मॉडेलची केबल काढून घातली. बोर्डच्या बाजूचं कनेक्टर सुद्धा पुसून घेतलं. बायॉसचा, म्हणजे लॅपटॉप बंद असताना तारीख-वेळ जपणारा, 3 व्होल्टचा सीआर2032 सेल मीटरवर सव्वा व्होल्टसुद्धा दाखवत नव्हता, तो बदलला, तारखेची तक्रार गेली.

वायफायचं मास्तर जाता जाता बोलले, भाच्याने मे महिन्यात डेबियन नव्याने घातल्यापासून बंद आहे म्हणून. लॉगमध्ये इंटेलच्या कार्डची फर्मवेअर फाइल, म्हणजे कार्ड चालायला लागणारा त्याचा स्वतःचा प्रोग्रॅम, न मिळाल्याचा एरर -2 होता, म्हणजे फाइलच नाही. डेबियन 11 च्या साध्या इन्स्टॉलरमध्ये असली फर्मवेअर नसायची, 2023 च्या डेबियन 12 पासून ती सोबत यायला लागली. लॅन केबल लावली, नॉन-फ्री रेपॉझिटरी, म्हणजे डेबियनचा असल्या फाइलींचा वेगळा साठा, चालू केली, पॅकेज घातलं, रीबूट, चालू.

शेवटी मूळ डिस्क लॅपटॉपमध्ये परत बसवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. 199 एकानेही वाढला नाही. हा आकडा कमी कधीच होत नाही, त्यामुळे पुढे कोणी उघडलं तर घाबरू नये म्हणून तारीख घालून तो मास्किंग टेपवर लिहिला आणि खालच्या झाकणाच्या आत चिकटवला. मास्तरांना सांगितलं की पुढच्या जूनपासून कपाटात कोंडून ठेवू नका, आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवा, गरम झाला की आतली ओल सुकते. प्रयोग त्याच लॅपटॉपवर झाला, आणि कॉपीची डिस्क त्यांनी आता मुलीच्या घरी ठेवली आहे.