राणीच्या हातातला कागद

हवाईतल्या होनोलुलूत तिसऱ्या दिवशी मी राजवाडा बघायचा हट्ट धरला. नवरा म्हणाला, "राजवाडे काय, कोल्हापुरात कमी आहेत?" आणि वायकीकीच्या वाळूवर पसरला. मी एकटीच बस पकडली.

इओलानी राजवाड्यात शिरताना बुटांवर पिशव्या चढवाव्या लागतात. कोआ लाकडाचा रुंद जिना, लाल-सोनेरी दरबार हॉल. हे सगळं १८८२ साली उभं केलं ते हवाईचा राजा कालाकाउआने. हौशी गडी! आदल्याच वर्षी जगप्रदक्षिणा करून आला होता, वाटेत आपल्या मुंबईतही उतरला होता. इथे विजेचे दिवेही व्हाइट हाउसच्या आधी लागले.

त्याच्या आधीच्या कामेहामेहा घराण्याची गोष्ट मात्र मला जास्त भावते. राजाचा शब्द हाच कायदा असताना तिसऱ्या कामेहामेहाने १८४० मध्ये पहिली राज्यघटना दिली, आणि १८५२ च्या घटनेत तर सगळ्या प्रौढ पुरुषांना मत. पाचव्या कामेहामेहाला हे फारच सैल वाटलं. त्याने त्या घटनेची शपथच घेतली नाही. १८६४ साली घटना परिषद बोलावली, ती ऐकेना तेव्हा बरखास्त केली आणि स्वतःची घटना जाहीर करून मोकळा झाला. मतदाराला मालमत्तेची नि साक्षरतेची अटही घातली. दांडगाईच ही, पण राजाने म्हणून खपून गेली.

कालाकाउआच्या नशिबी उलटंच आलं. १८८७ मध्ये गोऱ्या व्यापारी-वकिलांच्या गटाने बंदूकधारी पलटणीच्या जोरावर त्याच्याकडून नव्या घटनेवर सही घेतली. तिचं नावच पडलं संगिनीची घटना. मंत्र्यांना काढायचा अधिकार राजाकडून गेला. वरच्या सभागृहासाठी मत द्यायचं तर ३,००० डॉलरची मालमत्ता किंवा वर्षाला ६०० डॉलरचं उत्पन्न हवं. ऊसमळ्यांत राबणाऱ्या चिनी-जपान्यांना मतच नाही, आणि परदेशी गोऱ्यांना मात्र नागरिक न होताही!

त्याच्या पाठोपाठ गादीवर आलेली बहीण लिलिउओकलानी १४ जानेवारी १८९३ ला संगिनीच्या घटनेच्या जागी नवी घटना जाहीर करायला निघाली. इथल्याच निळ्या दालनात मंत्र्यांनी सही करायला नकार दिला. १६ तारखेला अमेरिकी युद्धनौकेवरचे सैनिक उतरले आणि १७ ला, रस्त्यापलीकडच्या अलीइओलानी हाले या सरकारी इमारतीतून राजेशाही संपल्याचं वाचून दाखवलं गेलं. पाचव्या कामेहामेहाने केलं ते राज्य चालवणं, आणि हिने करायला घेतलं तो गुन्हा?

वरच्या मजल्यावर एका खोलीत मी बराच वेळ रेंगाळले. राजेशाही परत आणण्यासाठीच्या १८९५ च्या फसलेल्या उठावानंतर राणीला इथे जवळजवळ आठ महिने कैदेत ठेवलं होतं. खटलाही चालला तो तिच्याच दरबार हॉलमध्ये. त्या कैदेत शिवायला घेतलेली गोधडी आता काचेच्या पेटीत आहे. रंगीत रेशमी तुकडे, त्यांवर भरतकाम. आजी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तिचा धावदोरा आठवला.

बाहेर आल्यावर मागच्या बाजूला राणीचा कांस्यपुतळा दिसतो. तिच्या डाव्या हातात तीन गोष्टी आहेत: तिनेच रचलेलं ‘अलोहा ओए’ हे गाणं, कुमुलिपो हे सृष्टीच्या जन्माचं स्तोत्र, आणि ती १८९३ ची घटना, जी कधी अमलात आलीच नाही. कुणीतरी त्या हातात ताज्या फुलांची माळ अडकवून गेलं होतं.