फ्रॅक्टल डोंगराचा कापला गेलेला माथा

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी पन्हाळा-जोतिबाच्या बाजूसारखा डोंगराळ प्रदेश फ्रॅक्टल पद्धतीने, म्हणजे एकच क्रिया लहान-लहान प्रमाणात पुन्हा पुन्हा करून, संगणकावर रचायचे ठरवले. त्याचे चित्र रे ट्रेसिंगने काढायचे होते, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यातून एक किरण सोडून तो कशावर आदळतो ते पाहायचे. पृष्ठभाग रचणे अवघड गेले नाही. फूर्निये, फसेल आणि कार्पेंटर या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या रीतीने त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू यादृच्छिक (रँडम) अंतराने वर-खाली सरकवायचे आणि तयार होणाऱ्या चार त्रिकोणांवर तीच क्रिया पुन्हा करायची. दोन त्रिकोणांपासून दहा फेऱ्यांत २०,९७,१५२ त्रिकोण झाले. १२८०×७२० ठिपक्यांच्या चित्रातला प्रत्येक किरण त्या सर्वांशी ताडून पाहायचा, तर १.९ लाख कोटींहून अधिक तपासण्या होतात. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री सुरू केलेल्या चित्रात सकाळपर्यंत आकाशाची पट्टीच उमटली होती, कारण ज्या किरणाला काहीच आडवे येत नाही, त्याचीही पूर्ण तपासणी होत होती.

संगणकीय चित्रणाचे संशोधक जेम्स काजिया यांनी १९८३ मध्ये सुचवलेली वाट मग मी धरली. पुढच्या सर्व फेऱ्यांतली उंची ज्यात मावेल असा उभा प्रिझम (त्रिकोणी खोक्यासारखा आकार) प्रत्येक त्रिकोणाभोवती कल्पायचा, आणि किरण त्याला शिवतच नसेल तर तो त्रिकोण विभागायचाच नाही. सामाईक बाजूवर दोन्ही त्रिकोणांना एकच यादृच्छिक संख्या मिळावी म्हणून ती मध्यबिंदूच्या निर्देशकांवरूनच काढली. नाहीतर पृष्ठभागाला भेगा पडतात.

चित्र आता झपाट्याने येऊ लागले, पण सगळे माथे सपाट दिसत होते. पन्हाळ्याजवळचे मसाई पठार तसेच असल्याने मला ते खरेच वाटले. आमचे सर मात्र म्हणाले, "कॅमेरा वर नेऊन बघ की जरा." वरून तोच माथा टोकदार होता!

चूक प्रिझमच्या उंचीत होती. सरकवण्याचे अंतर दर फेरीला निम्मे होते, म्हणून एकूण उंची पहिल्या अंतराच्या दुपटीच्या आत राहील असे मी धरले होते. परंतु संख्या गॉसियन वितरणातून घेतल्या होत्या, म्हणजे बहुतेक सरासरीजवळ पण क्वचित खूप दूरच्याही; त्यांना कमाल मर्यादा नसते, आणि मी प्रमाण विचलनालाच, म्हणजे संख्या सरासरीपासून साधारण किती विखुरतात त्या मापालाच, मर्यादा मानले होते. प्रिझमच्या वरून आडवा जाणारा किरण त्यामुळे सुळक्यातून आरपार निघे, तर वरून येणारा किरण पुढे प्रिझममध्ये शिरत असल्याने त्याला तोच सुळका सापडे. उणे १ ते अधिक १ मधल्या संख्या घेऊन त्यांना त्या फेरीच्या अंतराने गुणल्यावर दुपटीची मर्यादा खरी ठरली आणि माथे दोन्हीकडून सारखे दिसू लागले. मसाईसारखा सडा (सपाट खडकाळ माथा) आता उंचीला वेगळी मर्यादा घालूनच रचावा लागेल. सध्या तेच काम चालू आहे.