शेपटीवाला बी

क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे दाखवणाऱ्या आलेखावर, दोन पीक (उंचवटे) आले होते, एक ९५ टक्क्यांचा आणि एक ५ टक्क्यांचा. म्हणजे ईई, रेणूच्या दोन रूपांच्या टक्केवारीतला फरक, ९०. पहिल्याच रिॲक्शनला ९० आला तर आमच्याकडे कुणीतरी समोसे मागवतं. त्या दिवशी कुणी मागवले नाहीत, कारण मोठा पीक भलत्याच जागी होता. क्लायंटला हवा होता आर रूपातला डायॉल (दोन हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच गट, असलेला रेणू), आणि फ्लास्कमध्ये झाला होता एस.

मी मरोळ एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये ॲनॅलिटिकल विभाग बघते. सिंथेसिसवाले बनवतात, आम्ही काय बनलं ते सांगतो. त्यामुळे वाईट बातमी नेहमी आमच्याच दारातून निघते आणि ती आम्हीच घडवली असावी अशा नजरेने लोक बघतात. आर आणि एस म्हणजे एकाच रेणूची दोन रूपं, एकमेकांची आरशातली प्रतिमा. वजन तेच, वितळणबिंदू तोच, रेणूची रचना दाखवणारा एनएमआर काढला तर रेघ न् रेघ तीच. वेगळे ओळखायचे तर कायरल कॉलम लागतो. त्याची किंमत ऐकून अकाउंट्सवाले दर वेळी मला पुन्हा आकडा सांगायला लावतात. आणि कॉलम तरी फक्त दोन पीक वेगळे करून देतो. कुठला कोण हे तो सांगत नाही. त्यासाठी विकत आणलेला प्रमाण नमुना आपल्या मालात मिसळून टोचायचा आणि कुठला पीक फुगतो ते बघायचं. मी एसचा नमुना मिसळला. मोठा पीक फुगला. शंकेला जागाच नव्हती.

सरांनी प्रिंटआउट बघितला आणि अर्ध्या मिनिटात निकाल दिला. "ईई चांगला आहे, म्हणजे केमिस्ट्री चालली आहे. सरमिसळ झाली असती तर ईई पडला असता. अख्खी बाटलीच चुकली. बीटाऐवजी अल्फा घातलाय. वजन कुणी केलं?"

वजन मामांनी केलं होतं. मामा आमचे लॅब अटेंडंट, इथे सगळ्यांत जुने. दुपारपर्यंत डेव्हिएशन फॉर्म, म्हणजे चुकीची नोंद, भरून झाला. मूळ कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, "मानवी चूक, वजन करताना". मामांना कुणी काही विचारलं नव्हतं.

आता या बाटल्यांबद्दल जरा सांगते, कारण बाहेरच्या माणसाला यातली गंमत कळायची नाही. ओलेफिनच्या (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेल्या रेणूच्या) दुहेरी बंधावर एकाच बाजूने दोन हायड्रॉक्सिल बसवायचे तर ऑस्मियमसारखा कारागीर नाही. पण ऑस्मियम टेट्रॉक्साइड जवळजवळ ४० अंशाला वितळतो, त्याच्या कितीतरी आधीपासून त्याची वाफ उडत असते आणि ती थेट डोळ्यांच्या बुबुळांवर जाते. शिवाय एकटा ऑस्मियम दोन्ही बाजूंनी सारखाच हल्ला करतो, म्हणजे आर-एस निम्मेनिम्मे. बॅरी शार्पलेस यांच्या गटाने १९८०च्या दशकात त्याला सिंकोनाच्या सालीतल्या अल्कलॉइडची जोड दिली. ज्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन निघतं तीच ही साल. क्विनीनपासून एक लिगँड (ऑस्मियमला चिकटून त्याला दिशा देणारा रेणू), त्याचं भावंड क्विनिडीनपासून दुसरा. पहिला दुहेरी बंधाच्या खालच्या अंगाने डायॉल बसवतो, दुसरा वरच्या. पहिल्याचं तयार मिश्रण म्हणजे एडी-मिक्स अल्फा, दुसऱ्याचं बीटा. ही दोन भावंडं एकमेकांची तंतोतंत प्रतिमा नाहीत, म्हणून दोघांचे ईई काही टक्क्यांनी इकडेतिकडे होतात. पण दिशा मात्र पक्की उलटी. शार्पलेस यांना २००१चं नोबेल अशाच उत्प्रेरकी ऑक्सिडेशनांसाठी मिळालं. २०२२ला वेगळ्याच कामासाठी पुन्हा एकदा.

तयार एडी-मिक्स किलोभर घेतलं तर त्यात सुमारे ७०० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड, २९४ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, लिगँड साडेपाच ग्रॅम, आणि ऑस्मियम नावाला, तेही न उडणाऱ्या क्षाराच्या रूपात. अल्फा आणि बीटा दोन्ही पिवळट-नारिंगी पूड. शेजारी शेजारी ठेवल्या तर शार्पलेससुद्धा नुसतं बघून ओळखणार नाहीत. म्हणजे बाटली बदलू शकते हा सरांचा तर्क अगदीच हवेतला नव्हता, हे मान्य करायला हवं.

या पद्धतीवर माझा रागही आहे, तोही सांगून टाकते. एक मिलिमोल ओलेफिनला १.४ ग्रॅम मिश्रण लागतं. आमचं ओलेफिन, नॅफ्थिल अलाइल ईथर, होतं १८ ग्रॅमच्या आसपास. त्याला १४० ग्रॅम पूड, अर्धा लिटर टर्शरी ब्युटेनॉल, अर्धा लिटर पाणी आणि शेवटी ऑस्मियमला गप्प करायला १५० ग्रॅम सोडियम सल्फाइट. १८ ग्रॅमच्या मालापायी एवढा पिवळा चिखल! तो सायनाइडचं नाव असलेला कचरा म्हणून वेगळ्या ड्रममध्ये जातो आणि ड्रम उचलणारा माणूस आमच्याकडे गुन्हेगारासारखं बघतो. माझं मत कुणी विचारलं असतं तर मी जेकबसन या रसायनशास्त्रज्ञाची वाट धरली असती. ग्लिसिडिल ईथर हे एपॉक्साइड (ऑक्सिजनचं तीन अणूंचं कडं असलेला रेणू) एपिक्लोरोहायड्रिनपासून स्वस्तात होतं. कोबाल्ट-सॅलेनच्या उत्प्रेरकाबरोबर त्यात अर्ध्याहून जरा कमी, मोलच्या हिशेबाने ०.४५ पट पाणी सोडायचं, की एपॉक्साइडचं एकच रूप उघडून डायॉल होतं आणि दुसरं तसंच राहतं. १९९७ पासून ही पद्धत आहे आणि ईई बहुतेक वेळा ९८च्या वर जातो. पण उत्पन्न फार तर ५० टक्के. क्लायंटला "अर्धा माल फुकट" हे शब्द सहन होत नाहीत. उरलेलं एपॉक्साइडही विकण्यासारखं असतं, हे त्याला समजावायला मीटिंगमध्ये कुणी तयार नव्हतं.

असो. फॉर्मची बातमी मामांपर्यंत पोचली ती चहाच्या वेळी. ते माझ्याकडे आले. आवाज चढलेला नव्हता, पण चहाही घेतला नाही.

"मॅडम, मला इंग्रजी जेमतेम येतं. पण मी बाटली बघूनच घेतो. एकीवर मासा आहे, दुसरीवर शेपटीवाला बी. वहीत शेपटीवाला बी लिहिला होता, मी शेपटीवाला बीच घेतला."

अल्फाचं अक्षर खरोखरच आडव्या माशासारखं दिसतं. इतकी वर्षं बघून मला ते कधी दिसलं नव्हतं. मामांनी पुढे मला फ्रीजपाशी नेलं. माशाच्या बाटलीच्या झाकणावर लाल टेप, शेपटीवाल्या बीच्या झाकणावर निळी. त्यांनीच लावलेल्या. तराजूशेजारच्या त्यांच्या डायरीत तारखेपुढे एक छोटीशी निळी रेघ. ही डायरी कुठल्याही एसओपीत (लेखी कार्यपद्धतीत) नाही.

पण टेप हा काही पुरावा होत नाही. आणि माझी खरी अडचण वेगळीच होती. माझा क्रोमॅटोग्राम खरा होता, मामाही खरे वाटत होते. दोन्ही खरं असेल तर चूक तिसरीकडे कुठेतरी असायला हवी. मी सरांच्या टेबलावरचा तक्ता मागून घेतला, ज्यावरून त्यांनी बीटा ठरवला होता. त्यात स्टायरीन होतं, १-डिसीन होतं, अशी टोकाला दुहेरी बंध असलेली आणखी काही ओलेफिनं. बीटाच्या रकान्यात खालपर्यंत आर, आर, आर. आपल्यालाही आर हवा, म्हणून बीटा. इतका सरळ हिशेब.

त्या तक्त्यात एकही अलाइल ईथर नव्हतं.

आर आणि एस ही अक्षरं रेणूवर कोरलेली नसतात. कान, इंगोल्ड आणि प्रेलॉग यांनी घालून दिलेल्या नियमाप्रमाणे कार्बनला चिकटलेल्या चार गटांची उतरंड लावायची, सगळ्यांत खालचा पाठीमागे धरायचा आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत बोट फिरवायचं. घड्याळाच्या दिशेने फिरलं तर आर, उलटं फिरलं तर एस. डिसीनच्या डायॉलमध्ये पहिला मान हायड्रॉक्सिलचा, दुसरा हायड्रॉक्सिल असलेल्या शेजारच्या कार्बनचा, तिसरा लांब शेपटीचा, हायड्रोजन शेवटी. आमच्या रेणूत शेपटीच्या जागी आहे सीएच-टू आणि त्याला ऑक्सिजनमधून लटकलेलं नॅफ्थिल. म्हणजे दोन्ही बाजूच्या कार्बनांवर ऑक्सिजन. बरोबरी झाली की एक घर पुढे जायचं. एकीकडे ऑक्सिजनपुढे हायड्रोजन, दुसरीकडे कार्बन. कार्बन वरचढ. दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल झाली आणि बोट उलटं फिरलं. लग्नात नवऱ्याचे सख्खे काका उशिरा येऊन टेकले की आधीपासून बसलेल्या मामांचा मान एक पायरी उतरतो, तसंच. पंगतीतलं कुणीही पाटावरून उठलेलं नसतं.

म्हणजे बीटाने नेमकं तेच केलं होतं जे तो नेहमी करतो. वरच्याच अंगाने डायॉल बसवला होता. या रेणूत त्याच मांडणीला एस म्हणतात, एवढंच. आर हवा असता तर सुरुवातीलाच अल्फा घ्यायला हवा होता.

मला हे कागदावर पटलं होतं, पण कागद घेऊन सरांकडे जायचं नव्हतं. कारण कोड्याची दुसरी बाजूही तेवढीच पक्की होती: बीटाच्या जागी चुकून अल्फा पडला असता आणि अलाइल ईथरबद्दल सरांचाच समज बरोबर असता, तरी माझ्या कॉलमवर अगदी हाच, ९५ आणि ५ चा एस दिसला असता. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच. त्या दोन्हींत फरक करणारा प्रयोगच झाला नव्हता, आणि फॉर्म मात्र भरून झाला होता. या केसमधलं हेच माझ्या डोक्यातून जात नाही.

म्हणून त्याच निळ्या टेपच्या बाटलीतून स्टायरीनवर रिॲक्शन लावायची ठरवली. स्टायरीन बीटाबरोबर आर देतं यावर कुणाचंच दुमत नव्हतं, सरांच्याच तक्त्यात होतं. बाटलीत अल्फा असता तर एस आला असता. सिंथेसिसमधली एक नवीन मुलगी तयार झाली, कुणालाही न विचारता. अशी मुलं कंपनीत फार दिवस टिकत नाहीत, हाही माझा अनुभव. स्टायरीनमधला स्टॅबिलायझर काढायला तिने ते ॲल्युमिनाच्या छोट्या कॉलममधून उतरवलं. टर्शरी ब्युटेनॉलची बाटली एसीमुळे गोठून दगड झाली होती; बाहेर जुलैचा पाऊस आणि आत २५ अंशांना घट्ट होणारं सॉल्व्हंट, हे आमचं नेहमीचं. कोमट पाण्यात बाटली ठेवून ते वितळवलं. वजन मामांनीच करायचं असं मी मुद्दाम सांगितलं. त्यांनी १.४ ग्रॅम पूड अशी तोलली की शेवटचा आकडा हलेना. मिथेनसल्फोनामाइडचा डबा तिने काढला होता, मामांनी तो परत ठेवला. "टोकाचं असलं की हे घालत नाहीत." बरोबर होतं. टोकाच्या ओलेफिनला ते लागत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं असेल असं वाटत नाही. वर्षानुवर्षं बघून डोक्यात बसलेलं.

रात्रभर शून्य अंशाला फिरत ठेवलं. सकाळी सल्फाइट, इथाइल ॲसिटेट, आणि दुपारी माझ्या कॉलमवर. मोठा पीक आरच्या नमुन्याशी जुळला. खात्रीसाठी, ध्रुवित प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या पोलॅरिमीटरवरही घातलं. इथेनॉलमध्ये आकडा ऋण आला, आर फिनाइल ग्लायकॉलचा, म्हणजे स्टायरीनच्या डायॉलचा, यायला हवा तसाच. बाटलीत बीटाच होता.

सरांपुढे मी दोन्ही क्रोमॅटोग्राम आणि गोळ्या-काड्यांची दोन मॉडेल ठेवली. त्यांनी एक मॉडेल हातात घेऊन फिरवलं, बराच वेळ. माणूस हुशार आहे, समजायला काही सेकंद लागले असतील. उरलेला वेळ दुसऱ्याच कशात गेला. मग म्हणाले, "अच्छा. मग अल्फा लावा." एवढंच. राग नाही, कुणाला दोष नाही, आणि मामांचा विषयही नाही. पुढच्या रिॲक्शनला अल्फाने आर दिला, ईई दोन टक्क्यांनी कमी, क्लायंट खूश.

पण फॉर्म तसाच राहिला. त्यातून निघालेला उपाय म्हणून आता एडी-मिक्सच्या प्रत्येक वजनाला दोन सह्या लागतात. दुसरी सही अशा माणसाची, ज्याला अल्फा-बीटाचं अक्षर वाचता येतं पण तराजू धड लावता येत नाही. मामा मुकाट्याने सही करतात. त्या मुलीने मात्र एकदा वैतागून विचारलं, की रिॲक्शनचा आराखडा ठरवणाऱ्याच्या कागदावर दोन सह्या का नकोत. तिला कुणी उत्तर दिलं नाही.

मी क्वालिटीकडे फॉर्म दुरुस्त करायला गेले. तिथल्या बाईंनी तो बघून सांगितलं, की क्लोज झालेलं डेव्हिएशन पुन्हा उघडायचं तर नवं डेव्हिएशन काढावं लागतं आणि त्यावर विभागप्रमुखांची सही लागते. विभागप्रमुख म्हणजे सरच. मी नवा फॉर्म भरलाय. मूळ कारणाच्या रकान्यात "लिगँडची निवड करताना रेणूतल्या गटांचा अग्रक्रम तपासला गेला नाही" असं लिहिलंय. सरांच्या ट्रेमध्ये तो सगळ्यांत वर ठेवते, दुसऱ्या दिवशी तो खाली गेलेला असतो.